तबकडीचं माहेर

हल्ली आमच्याकडे येणारी शिकलेली माणसं एका गोष्टीवर फार तावातावाने बोलतात. कोणत्याही कंपनीचं गाणं ग्रामोफोनच्या कोणत्याही पेटीवर वाजलं पाहिजे, म्हणे. एकीची तबकडी दुसरीच्या पेटीवर चालू नये अशी तजवीज करणाऱ्या कंपन्या ऐकणाऱ्याला लुबाडतात, त्यांना धडा शिकवला पाहिजे. मी मान डोलावते आणि पुढ्यात सुपारी सरकवते. त्यांचं बरोबरच आहे. असा लुबाडलेला एक ऐकणारा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे, ते माझे सासरे. तरीही त्या कंपन्यांना धडा शिकवायची भाषा निघाली की मला आतून राग येतो. का येतो ते त्यांना सांगायला बसले तर त्यांचा चहा गार होईल, म्हणून इथे लिहिते.

निजामाचं राज्य होतं आणि कर्ण्याच्या पेट्या आमच्या भागात नुकत्याच कुठे दिसू लागल्या होत्या. माझे वडील, आबा, गावचे पाटील. दौऱ्यावर येणाऱ्या साहेबांची उतरण्याची सोय त्यांच्याकडे असे. त्यातल्या एका तहसीलदार साहेबांची लांब कुठेतरी बदली झाली. बैलगाडीत कर्णा मोडेल या भीतीने ते आपली पेटी आबांच्या गळ्यात मारून गेले. आबांना गाण्याचं काडीचं वेड नव्हतं. गाणं लागलं की त्यांना झोप येई. एरवी ते पेटीवर पानाचा डबा ठेवत. पाहुणे आले की डबा खाली उतरायचा, चावी द्यायची, कर्ण्यातून एक बाई गायची आणि पाहुणे कर्ण्यात डोकावून बघायचे.

मला बघायला माझे होणारे सासरे, म्हणजे मामंजी, आले तेव्हाही हेच झालं. मी पाटावर बसले होते. आईने आठ दिवस घोकून घेतलेली उत्तरं माझ्या तोंडात तयार होती. तेवढ्यात आबांनी चावी दिली. बाई गाऊ लागल्या आणि मामंजींच्या हातातला विडा तसाच राहिला. गाणं संपल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बाईंचं नाव काय, हा. माझं नाव त्यांनी अक्षता पडेपर्यंत विचारलं नाही. मी पाटावर अर्धा तास अवघडून बसले होते आणि माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मला तेव्हाच त्या बाईंचा राग आला.

आमच्याकडे लग्नाआधी यादी करतात. कोणी काय द्यायचं ते चार माणसांसमोर लिहायचं आणि दोन्हीकडच्यांनी हातावर हात मारायचा. कुलकर्णी लिहायला बसले. परात झाली, समया झाल्या, तांब्याची घागर झाली. घागरीपाशी मामंजींनी त्यांना थांबवलं.

"घागर खोडा," ते म्हणाले. "ती तबकडी लिवा."

"अन् वाजवायची कशावर?" आबांनी विचारलं.

"आमच्याकडं पेटी हाय की. तुमच्यापरीस नवी हाय."

तेव्हा यादीत घागर खोडून असं लिहिलं गेलं: गाण्याची तबकडी एक, गातेवेळी तपासून घेतली. घागर वाचली म्हणून आई खूश झाली. एका कंपनीची तबकडी दुसऱ्या कंपनीच्या पेटीवर गात नाही, हे त्या बैठकीत कोणाला ठाऊक नव्हतं. कसं असणार? एका घरची घागर दुसऱ्या घरी नेली म्हणून तिच्यात पाणी भरायचं थांबत नाही.

लग्न झालं. माझं सासर वडवणीपासून दोन कोसांवर, माहेर तिथून आठ कोस परळीच्या दिशेला. वरात दारात आली तेव्हा तबकडी माझ्या हातात होती, उपरण्यात गुंडाळलेली. सासूबाईंनी, त्यांना मी आत्याबाई म्हणे, भाकरतुकडा ओवाळून टाकला तो आम्हा दोघींवरून. मग मी माप ओलांडलं. मागून कोणीतरी म्हणालं की यादीतली वस्तू आहे, तिचाही मान राखला पाहिजे, म्हणून तबकडीही मापावरून आत घेतली. आत्याबाईंनी तिला कुंकू लावलं. मला लावलं त्यापेक्षा जरा जास्तच लावलं.

संध्याकाळी सगळं गाव ओसरीवर जमलं. मामंजींनी आपल्या पेटीवर तबकडी चढवली, सुई ठेवली आणि डोळे मिटले. कर्ण्यातून खरखर आली. नुसती खरखर, जात्यात खडा आल्यासारखी. मामंजींनी सुई बदलली, तबकडी उलटी केली, पेटीचं तोंड पूर्वेला केलं. बाई काही बोलल्या नाहीत.

पुढचे चार दिवस गावाला दुसरा धंदा नव्हता. जो तो येऊन आपलं निदान सांगून जाई. कोणी म्हणे कुंकू जास्त झालं. कोणी म्हणे लग्नाच्या गडबडीत दृष्ट लागली, मीठमोहऱ्या उतरवा. त्याही उतरवल्या. मामंजींना मात्र आबांनी तबकडी बदलल्याचा संशय येऊ लागला. ते ओसरीवर येरझाऱ्या घालत माझ्याकडे असं बघत की जणू मलाही बदलून दिलं असावं. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गाण्याचं काही नव्हतं, बैलांचं होतं. ते गोठ्यात असत.

शेवटी आत्याबाईंनी उलगडा केला. त्या भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या, "यवढं कावून डोकं खाजवायलात? तिची मांडवपरतणी झालीय का?"

मांडवपरतणी म्हणजे लग्न झाल्यावर थोड्या दिवसांनी नवरीने एकदा माहेरी जाऊन यायचं असतं. ती झाल्याशिवाय नवरी सासरी रुळली असं धरत नाहीत. तबकडी यादीत आली, माप ओलांडून आली, कुंकू लावून घेतलं, मग तिची परतणी नको? इतकी सरळ गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही म्हणून मामंजी स्वतःवरच चिडले. गावालाही पटलं. नवी नवरी चार माणसांत तोंड उघडत नाहीच. मी तरी कुठे उघडलं होतं?

दुसऱ्या दिवशी बैलांची दमणी जुंपली. मामंजी पुढे बसले, मी मागे. दमणीत एकच गादी होती, ती तबकडीला दिली. मी कडब्यावर बसले. आठ कोस धक्के खात आम्ही माझ्या माहेरी पोचलो. पाणी प्यायच्या आधीच मामंजींनी तबकडी आबांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "गाऊन दाखवा."

आबांनी पानाचा डबा खाली ठेवला, चावी दिली. बाई गायल्या. खड्या आवाजात, जसं काही मधे घडलंच नव्हतं. फक्त शेवटची ओळ जरा घरघरली, कारण मामंजींच्या सुईने तबकडीची कड ओरबाडली होती आणि आबांच्या पेटीवर गाणं आतून सुरू होऊन कडेला संपत असे. मामंजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. आबा लोडाला टेकून झोपले होते. मी तोवर स्वयंपाकघरात आईच्या पदराआड घुसले होते.

दोन दिवस राहून आम्ही तिघं परत निघालो. घरी पोचल्यावर तबकडी पुन्हा पेटीवर चढली आणि पुन्हा खरखरली. आत्याबाई म्हणाल्या, "अजून रुळली न्हाई. पुन्यांदा न्या."

अशी ती चाल पडली. महिन्याकाठी मामंजींना बाईंची ओढ लागली की तबकडीला माहेरची आठवण झाली असं घरात जाहीर होई. व्याह्याच्या दारी बिनकामाचं जायचं नसतं, लोक नावं ठेवतात. त्यातून गाणं ऐकायला जायचं म्हणजे तर शोभाच. सुनेला पोचवायला जाणं मात्र सगळ्यांना चालत होतं. म्हणून मला न्यायचंच. आदल्या दिवशी मामंजी मला हळूच सांगत, "सूनबाई, उद्या जरा तोंड उतरवून बसा." मी उतरवून बसे. कोणी विचारलंच तर मामंजी म्हणत, लेकराला करमत न्हाई, काय करता.

आमच्या आळीतल्या सुना माझ्याकडे बघत राहत. त्यांना पंचमीला मूळ, म्हणजे माहेरचं बोलावणं, आलं तर आलं, नाहीतर वर्ष कोरडं. आमच्या शेजारणीला तर तीन वर्षं माहेर दिसलं नव्हतं. तिने दहा वेळा तोंड उतरवलं तरी कोणी दमणी जुंपत नव्हतं. एकदा ती विहिरीवर मला म्हणाली, "तुमच्या त्या तबकडीला न्हेत्यात अन् आमी मानसं हाव तर आमाला कोनी इचारीत न्हाई." मला हसू आलं आणि लाजही वाटली. तिचं काही चुकीचं नव्हतं. बाईला माहेर पाहिजे हे गावाला कळतच नव्हतं, तबकडीला पाहिजे हे लगेच कळलं होतं. मी त्या तबकडीची पाठराखीण होते, एवढंच. पण पाठराखिणीलाही आई भेटत होती. वर्षभर मला महिन्याच्या महिन्याला आई भेटली आणि मी त्या बाईंवरचा राग सोडून दिला. घरी कोणी नसताना मी तबकडीवरची धूळ माझ्या पदराने पुसत असे.

मग मामंजी काही कामानिमित्त बीडला गेले आणि येताना शहाणे होऊन आले.

तिथे एक घड्याळजी होता. तो पेट्याही दुरुस्त करी. त्याने मामंजींना सगळं फोड करून सांगितलं. आबांच्या पेटीच्या कंपनीने तबकडीवरची रेघ वरखाली खोदलेली असते आणि तिच्यावर मण्यासारखं गोल टोक फिरतं. मामंजींच्या कंपनीची रेघ डावीउजवीकडे नागमोडी जाते, तिला पोलादी सुई लागते. एकीचं दुसरीवर वाजू नये म्हणूनच हे असं. एकदा पेटी घेतली की माणसाने जन्मभर त्याच दुकानात यावं.

मामंजींनी हे सगळं ओसरीवर मोठ्या आवाजात सांगितलं. "गानं त्या बाईचं, कान माझे. मधी ह्यो कंपनीवाला कोन बे?" ते म्हणाले. "वरीसभर आमी त्या तबकडीला माहेरवाशीण म्हणून मिरवलं. दुनिया हसंल आमाला."

आत्याबाईंना ते अजिबात पटलं नाही. त्या म्हणाल्या की वरखाली असो का डावीउजवीकडं, माहेरी गात होती ना? मग झालं तर.

पण घड्याळजीने नुसती माहिती दिली नव्हती. त्याने एक डबीही दिली होती, चपटी, रुपयासारखी गोल, टोकाला मणी बसवलेला. पेटीच्या दांड्याची नेहमीची डबी काढून ही लावली की दुसऱ्या कंपनीची तबकडी गाते. मामंजींनी ती लावली. मणी आत, मधोमध ठेवला. आणि बाई आमच्या ओसरीवर गाऊ लागल्या.

लोक उठून उभे राहिले. मामंजींनी घड्याळजीला तिथूनच हात जोडले. मी स्वयंपाकघरात चुलीपुढे बसून रडत होते. आत्याबाई आत आल्या, माझ्याकडे बघितलं आणि बाहेर जाऊन सांगितलं, "सूनबाईला गानं लई लागलं मनाला."

त्यानंतर सकाळी अंघोळ झाली की गाणं, जेवण झालं की गाणं. ती बाई आता आमच्याच घरात राहायला आली होती आणि मला कुठेही जायचं नव्हतं. महिन्याच्या महिन्याला आई भेटायची, ते बंद झालं. एक महिना गेला, दुसरा गेला. दमणीच्या चाकाला कोळ्याने जाळं केलं. एकदा दुपारी सगळे शेतावर गेलेले असताना मी तबकडी उचलून उखळापाशी नेली. मुसळ हातात घेतलं. खोटं कशाला सांगू, दयामाया वगैरे माझ्या मनात काही आलं नाही. तबकडी फुटली तर मामंजी कुठेच जाणार नाहीत आणि डबी फोडली तर घड्याळजी दुसरी देईल, एवढा हिशेब मला जमला, म्हणून मी ती पुसून परत ठेवली.

पंचमीला आबा स्वतः मूळ घेऊन आले. बाहेर मामंजींनी त्यांना मोठ्या हौसेने डबी दाखवली, गाणं लावलं. आबा बसल्या बसल्या पेंगले. माहेरी गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हटलं, "आता मामंजींना इकडं यायचं काही कारण उरलं नाही, आई. आता पंचमी ते पंचमी." आईने माझ्या केसांतून हात फिरवला आणि तीही रडली. आबा तिथेच ओट्यावर सुपारी कातरत होते. त्यांनी आमच्याकडे वळूनही बघितलं नाही. मला त्याचा राग आला. बायका रडत असल्या की पुरुषांना सुपारी बरी कातरता येते, असं मी मनात म्हटलं.

आठ दिवसांनी मी सासरी परतले. पुढे दीड-दोन महिन्यांनी वडवणीच्या बाजारात आमच्या माहेरच्या एका माणसाने मामंजींना गाठलं आणि निरोप दिला. आबांनी आणखी एक पेटी घेतली आहे. हिच्यावर ताटली नसते, मेणाची नळी असते, मुठीत मावेल एवढी. ती नळी फिरते आणि गाते. आणि त्यातल्या एका नळीत त्याच बाईंचं एक गाणं आहे, जे तबकडीवर कधी निघालंच नाही.

मामंजी बाजार अर्धा टाकून घरी आले. ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बीडला गेले, घड्याळजीला भेटले आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आले. घड्याळजीने हात वर केले होते. ताटली फिरवायच्या पेटीवर नळी फिरणार कशी? याला कोणतीही डबी चालत नाही.

"आता ही तिसरी कंपनी," मामंजी आत्याबाईंना म्हणाले. "अन् गानं नेमकं तिच्याकडंच. मानसानं घरात पेट्या तरी किती ठिवाव्या?"

"मंग न्हाई ऐकायचं," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजी दोन दिवस ऐकायचं नाही म्हणून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी गड्याला दमणीची चाकं पुसायला सांगितली.

माहेरी आबांनी नळीची पेटी लावली. कर्णा एवढासा, आवाज मडक्यातून आल्यासारखा, आणि सगळं गाणं दोन मिनिटांत खलास. दोन मिनिटांसाठी माणूस आठ कोस धक्के खात आला होता. मामंजींनी ते सहा वेळा ऐकलं. त्यातली एक तान त्यांना ध्यानात धरून ठेवता येईना, म्हणून ते सातव्यांदा लावा म्हणाले. तेव्हा आबांनी नळी काढून डब्यात घातली.

"मेन हाय, याहीबुवा. एका दमात लई वाजवलं तर झिजतं," आबा म्हणाले. "फुडच्या म्हयन्याला या."

मामंजी पुढच्या महिन्याला आले. त्याच्या पुढच्यालाही आले. दर खेपेला नळी दोनदा किंवा तीनदा लागे. मामंजी परतीच्या वाटेवर कंपन्यांना लाखोली वाहत आणि मी कडब्यावर बसून आईने दिलेले लाडू मोजत नाही म्हणत म्हणत मोजत असे. आता गादीवर कोणी नव्हतं, पण तिच्यावर बसायचं मला सुचलंच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मामंजींच्या पेटीतली चावीची कमान तुटली. घड्याळजी एका लग्नाला आमच्या बाजूला आला होता, तो वाट वाकडी करून आमच्याकडे उतरला. ओसरीवर पेटी उघडून बसला. मी ताकाचा तांब्या घेऊन दाराआड उभी होते.

मामंजींनी नेहमीचं गाऱ्हाणं काढलं. कंपन्या माणसाला कशा नाडतात, नळीची पेटी काढणाऱ्याचं कसं वाटोळं झालं पाहिजे, वगैरे. घड्याळजी हातातलं काम न थांबवता हसला.

"कंपनीला कावून शिव्या देता? ती नळीची पेटी जुनाट हाय. आता कोनी घेत न्हाई. म्या एका साहेबाकडून आनून माळ्यावर टाकली व्हती," तो म्हणाला. "तुमच्या याह्यांनी, पाटलांनी, मागून न्हेली. तुमी त्या येळी डबीच इचारली, पेटी कुठून आली ते न्हाई."

"मागून?"

"पंचमीच्या मागं आलते. लई अजब गिऱ्हाईक. सगळे येत्यात ते म्हनत्यात, दोनीकडं चालंल असं कायतरी द्या. ह्ये म्हनले, आमच्या याह्याच्या पेटीवर काय केल्या वाजनार न्हाई, असं द्या. तुमची डबी लावली तरी वाजाया नको. म्या म्हनलं, मंग नळी न्या."

मामंजींनी हातातली पानाची देठं बाजूला ठेवली. मग त्यांनी विचारलं, "अन् गानं? आमच्या बाईचं गानं त्यांनीच हुडकलं?"

"सगळ्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्याकडून वाचून घेतल्या, ह्या बाईचं नाव निघेस्तवर. म्या म्हनलं, पाटील, येवढ्या लांबून आलाव, एकदा लावून दावतो, ऐकून तरी घ्या. तर म्हनले, मला काय करायचंय ऐकून. ऐकनारा येतो की माझ्या पोरीला घिऊन."